अतिथिगृहाच्या बाई

९ जानेवारी १९७१, शनिवार

दहा दिवसांच्या तापानंतर आज पहिल्यांदा ओट्यापाशी उभी राहिले. पाय लटपटत होते, पण आत्याबाईंच्या हातचं पिठलं आणखी एक दिवस खावं लागलं असतं तर ताप परत आला असता. सासूबाईंबद्दल असं लिहू नये. पण ही वही माझी आहे.

दूध आटवायला ठेवलं आणि तिथेच खिडकीला टेकून उभी. शेजारच्या क्वार्टरमधून शांताबाई पदर खोचून धावत आल्या. "अहो मालतीताई, जळतंय ना! माझ्या घरापर्यंत वास!" खाली उतरवून ढवळलं तर डावाला काळे पापुद्रे. वरून दूध पांढरंशुभ्र दिसत होतं. मी त्याच्याकडेच बघत होते हो.

म्हटलं, तापाने डोकं ठिकाणावर नाही. शांताबाईंना पटलं. त्या कारखान्याच्या शाळेत शिकवतात, कारणं ऐकायची सवय आहे त्यांना.

११ जानेवारी

हिंगाची डबी नाकाशी धरली. काही नाही. कापूर, रॉकेलचा डबा, ह्यांचे शेतावरून आलेले मोजे. काही नाही. आत्याबाई सकाळी तव्यावर मिश्रीची तंबाखू भाजतात, त्याने माझं डोकं उठतं, रोज भांडण. आज शेजारी उभी राहिले. नुसता धूर डोळ्यांत गेला.

जिभेला मीठ कळतं, तिखट, आंबट, गोड कळतं. बाकी सगळं एकच. जिरं खाल्लं काय, ओवा खाल्ला काय.

सर्दी असेल आतली. कुणाला सांगायचं नाही. रोज सकाळी हिंगाची डबी हुंगायची आणि इथे लिहायचं. वास नाही, म्हणजे थोडक्यात वा. ना.

१६ जानेवारी

वा. ना.

संक्रांतीचं हळदीकुंकू आज उरकलं. कॉलनीतल्या चाळीसेक बायका. दाराशी तांब्याच्या घागरीत उसाचे तुरे उभे केले (फुकटचे, ह्यांच्या प्लॉटवरचे, आणि गुलाबाहून झोकदार दिसतात). जुन्या इरकलीचे काठ उसवून टेबलावर लांब पट्टी टाकली. तिळाच्या वड्या केळीच्या पानाच्या द्रोणांत. "तुमच्याकडे आलं की घरी जाऊन आपलं घर बघवत नाही," असं एक जण म्हणाली. ऐकायला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.

अत्तर लावताना मात्र फजिती. किती लावलं ते कळेना, म्हणून प्रत्येकीच्या मनगटावर दोनदा फासलं. निम्म्या जणी शिंकत गेल्या.

तिळाच्या वडीत वेलदोडा घातला की नाही आठवत नाही.

१९ जानेवारी, मंगळवार

आज काय झालं ते नीट लिहिते.

हे दुपारी जेवायला आले ते हसतच. ऊस विकास अधिकाऱ्याला हंगामात हसायला फुरसत नसते. म्हणाले, "चेअरमनसाहेबांनी विचारलंय, अतिथिगृह वहिनी सांभाळतील का?"

कारखान्याच्या अतिथिगृहात जेवण असं बनतं की पुण्या-मुंबईचे पाहुणे दुसऱ्या दिवशी आमच्या घरी जेवायला येतात. आठ वर्षं हेच चाललंय. आता संचालक मंडळ म्हणतं, बाईच नेमा. रीतसर नेमणूक. स्वयंपाकघर, खोल्या, पडदे, चादरी, पाहुण्यांचं उठणं-बसणं, सगळं माझ्या हातात. पाडव्यापासून.

मला नोकरी. लग्नाआधी पुण्याला गृहशास्त्राची दोन वर्षं केली, तिसरं राहिलं. मुलं नगरला बोर्डिंगात गेल्यापासून दुपारी चादरीच्या घड्या मोडून परत घालते मी. आणि हे आता, आत्ताच.

मी "बघू" म्हणाले. ह्यांना नवल वाटलं. "बघू काय? तू नाचशील असं वाटलं होतं."

चेअरमनना पाडव्याच्या आत पक्कं कळवायचं आहे.

२२ जानेवारी

वा. ना.

शांताबाईंना सांगितलं. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं, नाहीतर वेड लागलं असतं. आमटी खाली उतरवताना रडू आलं आणि त्या दारातच होत्या.

त्या हसल्या नाहीत की अरेरे म्हणाल्या नाहीत. फळ्यावर गणित मांडावं तसं ठरवून टाकलं. रोज शाळा सुटली की अकराला त्या येणार, वाटी घेऊन, साखर मागायला. भांड्यांवरून नाक फिरवणार. ठीक असेल तर ओट्यावर बोटाने एकदा टकटक, बिघडलं असेल तर दोनदा. आत्याबाई बाहेर बसलेल्या असतात, म्हणून बोलायचं नाही.

"आणि साखर परत द्यायची नाही हं मी," म्हणाल्या.

२५ जानेवारी

आत्याबाई: "ही मास्तरीन रोज येळंला साखर मागाया कशी काय येती गं? साखर कारखान्यात ऱ्हाऊन साखर न्हाई व्हय तिच्या घरात?"

मी म्हटलं, विसरभोळ्या आहेत.

२८ जानेवारी

श्रीरामपूरला डॉक्टरकडे गेले. ह्यांना सांगितलं, कापड आणायला जाते. (कापडही आणलं, म्हणजे अर्धं खरं.) डॉक्टरांनी टॉर्च लावून नाकात बघितलं. आत काही अडकलेलं नाही. तापाने वासाची नस दुखावली असावी, म्हणाले. परत येईल का? येतो कधी कधी. कधी? महिना, वर्ष. कधी कधी नाही येत.

"त्यावाचून काही अडत नाही बाई. दृष्टी गेली असती तर?"

त्यांना मी काय सांगणार, माझं काय अडतं ते. एस.टी.त खिडकीशी बसून येईपर्यंत रडत होते. शेजारची म्हातारी विचारत होती, कोण गेलं?

४ फेब्रुवारी, गुरुवार

महिला मंडळाचा वर्ग. आजचा विषय, अचानक चार पाहुणे आले तर. मोसंबी आडवी कापून आतला गर काढायचा, सालीच्या वाट्यांत कोशिंबीर भरायची. ताट लगेच नटतं. पापड तळून न ठेवता भाजून उभे लावायचे, स्टीलच्या पेल्यात. रव्याचा शिरा वीस मिनिटांत.

तिथे अडले. "रवा कधी भाजला म्हणायचा?" एकीने विचारलं. बारा वर्षं माझं उत्तर ठरलेलं, खमंग वास सुटला की. तोंड उघडलं आणि बंद केलं. मग कढई पुढे ओढली, सगळ्यांना जवळ बोलावलं. रवा कच्चा असतो तेव्हा उलथन्याखाली जड, चिकटून येतो, भाजला की मोकळा पळतो. आवाज बदलतो. कडेचा दाणा आधी रंग धरतो. हे मी गेल्या पंधरा दिवसांत शिकले, नाइलाजाने.

"आज पहिल्यांदा नीट कळलं," ती म्हणाली.

घरी आले तर इतकं बरं वाटत होतं की चेअरमनना 'हो' कळवा असं ह्यांना सांगून टाकलं. त्यांनी पाठीवर थाप मारली, शेतातल्या मुकादमाला मारतात तशी.

९ फेब्रुवारी

वा. ना.

खंडोबाचा कुळाचार दरवर्षी आमच्या गावी, राहुरीकडे होतो. या वर्षी तिथलं घर शाकारायला काढलंय, म्हणून आत्याबाईंनी ठरवलं, देव इथे आणायचे. रविवारी, २१ तारखेला. आणि ह्यांनी परस्पर चेअरमनसाहेबांना, त्यांच्या मंडळींना आणि संचालकांना जेवायला बोलावलं! "पाडव्याआधी त्यांना तुझ्या हातचं कळेल." म्हणजे परीक्षाच.

साठ पान.

यातली मेख ह्यांच्या लक्षात येणं शक्य नाही. नैवेद्याचा स्वयंपाक चाखायचा नसतो. आत्याबाईंच्या घरचा नियम तर असा की हुंगायचासुद्धा नाही. देवाच्या आधी माणसाच्या नाकात वास गेला की ते उष्टं. एरवी मी या नियमाला मनातल्या मनात हसायचे. वास काय मुद्दाम घ्यावा लागतो? तो येतोच.

११ फेब्रुवारी

आत्याबाईंनी सांगून टाकलं. "त्या दिवशी बाहेरचं मानूस चुलीपाशी नगं." बाहेरचं माणूस म्हणजे शांताबाई. ख्रिस्ती म्हणून. मी म्हटलं, "आत्याबाई, माझ्या तापात कुणी पेज आणून दिली होती?" तर म्हणाल्या, "ती गोष्ट येगळी. ह्यो देव हाय."

शांताबाईंना सांगताना मान वर करता येईना. मला लाज वाटली आणि ती अजून गेलेली नाही. त्या म्हणाल्या, "असू दे. आपली भिंत एक आहे. काही करपायला लागलं तर माझ्या बाजूने लाटणं आपटीन."

१८ फेब्रुवारी, गुरुवार

बाजार केला. खोबऱ्याच्या वाट्या नेहमीच्या दुकानातून, चार किलो. तळी भरायला, प्रसादाला आणि कटाच्या आमटीच्या मसाल्याला.

दुकानदाराला माझी सवय माहीत आहे. एक वाटी फोडून पुढे केली. "घ्या वहिनी, वास बघा. तुमी पास केलं तरच देतो."

दुकानात चार बायका होत्या. मंडळातल्या दोन. मी वाटी नाकाशी नेली, डोळे मिटले, नेहमी मिटते तशी. पांढरी होती, बुरशी नव्हती, कडा करकरीत.

"छान आहे," म्हटलं.

२० फेब्रुवारी

आत्याबाई देवाचे टाक आणायला गावी गेल्या होत्या. एकटीनेच मसाला केला, देवाचा म्हणून शांताबाईंनाही बोलावलं नाही. खोबरं किसून भाजलं, रंग बघून बघून. कांदा, धणे, खसखस. पाट्यावर वाटला. रंग असा आलाय की बोट लावावंसं वाटलं, लावलं नाही.

भिंतीवर लाटणं वाजलं नाही.

२१ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळ.

झालं.

आधी मांडामांड लिहिते, कारण ती चांगली झाली. अंगणात मांडव, खाली ओळीने पाट, पत्रावळींभोवती भंडाऱ्याच्या पिवळ्या रंगात रांगोळी, प्रत्येक पानाशी एक झेंडू. मधोमध समया. घंगाळात पाणी, त्यात शेवंतीच्या पाकळ्या, हात धुवायला. चेअरमनसाहेब मांडवात शिरताना थांबले, टोपी सारखी केली. "वहिनी, आमी जेवाया आलोय का लग्नाला?"

तळी भरली. पाच जणांनी ताट उचललं, येळकोट झाला, भंडारा उधळला, खोबरं वाटलं. नैवेद्य दाखवला. पंगत बसली. पुरणपोळी, कटाची आमटी, भात, कुरडई, भजी, बटाट्याची भाजी. मी आमटीचं भांडं स्वतः घेतलं. वाढू का? अजून थोडी? कुणी नको म्हणालं नाही, कुणी आणा म्हणालं नाही. मी फिरत होते, कुठे रांगोळी पुसली, कुठे समईची वात वाकडी झाली ते बघत. साहेब जाताना हात जोडून म्हणाले, "पोळी लई मऊ." एवढंच.

मग पत्रावळी उचलल्या. प्रत्येक पानावर द्रोण भरलेला. पोळ्या संपलेल्या, दुधाशी, तुपाशी. आमटी तशीच. एकोणसाठ द्रोण. ह्यांच्या पानाशी मात्र द्रोण रिकामा.

मी शांताबाईंना दुसऱ्या पंगतीला बोलावलं होतं, त्या आल्या नव्हत्या. ताट झाकून मीच घेऊन गेले. एक घास त्यांनी घेतला आणि हात थांबला.

"मालतीताई, खोबरं खवट आहे. खूप."

"किती?"

"खूप."

प्रसादाचंही तेच. प्रसाद कुणी थुंकत नाही. साठ माणसांनी चावून चावून गिळला.

२२ फेब्रुवारी

हे सकाळी बूट चढवताना म्हणाले, "त्या दुकानदाराने फसवलं तुला. देवाच्या कामाला खवट माल देतो, लाज नाही."

मी गप्प बसले. ते इथे लिहून ठेवते, म्हणजे मागाहून मला सोयीचं काही आठवायला नको. मला बोलता आलं असतं. चहाची कपबशी हातात होती, ती विसळत राहिले.

वा. ना.

२४ फेब्रुवारी

रविवारी पोळ्या लाटायला मंडळातली जी आली होती, रव्याचं विचारणारी, ती आज भेटली. म्हणाली, "बाई, आमटीला उकळी आली तेव्हाच मला कसंतरी वाटलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुमची काहीतरी नवी पद्धत असंल."

हसावं की भिंतीवर डोकं आपटावं. बारा वर्षं मी या बायकांना असं शिकवलंय की माझ्या चुलीवर आमटी बिघडली तरी त्यांना ती पद्धत वाटते.

२६ फेब्रुवारी

चेअरमनसाहेबांचा निरोप. नेमणूक कायम. एखाद्या वेळी माल खराब निघतो, त्यात वहिनींचा काय दोष. आणि कारखान्याने त्या दुकानातून कँटीनचा आणि अतिथिगृहाचा माल घेणं बंद केलं आहे. ह्यांनी हे दुसरं वाक्य मोठ्या समाधानाने सांगितलं, माझ्यासाठी कुणाशी तरी भांडून आल्यासारखं.

मला पाहिजे होतं ते मिळालं. जेवण गेलं नाही.

१ मार्च, सोमवार

दुपारी दुकानदार स्वतः घरी आला. सायकलवरून, सहा मैल. पिशवीत ताजं खोबरं. दारातच उभा, आत येईना.

"वहिनी, माझं चुकलं आसंल तर पाया पडतो. पन एक सांगा, तुमी वास घेतल्ता ना?"

"घेतला होता."

"तेच म्हनतो मी. मला सकाळीच जरा शंका आल्ती त्या पोत्याची. पन तुमी पास केलं म्हनल्यावर म्हनलं आपलंच नाक बिघडलं. घरी बी तेच नेलं. मंडळी आजून बोलती मला." आणि मग, "कारखान्याचं गिऱ्हाईक ग्येलं, त्ये ग्येलं. पन लोक म्हनाया लागले, देवाच्या कामात फसवलं. त्ये कसं फेडू?"

मी खोबरं ठेवून घेतलं. पाणी दिलं. "बघते मी" म्हणाले. काय बघते? सायकल वळेपर्यंत दारात उभी होते आणि मला माझीच किळस आली.

३ मार्च

शांताबाई म्हणतात, सांगून टाका. सगळ्यांना. "नोकरी जाईल," मी म्हटलं. "जाईल कदाचित," त्या म्हणाल्या. खोटा धीर देत नाहीत, हाच त्यांचा त्रास.

दुपारी तांदूळ निवडत होते. आत्याबाई पलीकडे मिश्री लावत बसलेल्या. अचानक म्हणाल्या, "तुला वास येत न्हाई. मला ठावं हाय."

सूप हातातून सुटलं.

"आगं, रोज तवा घेतला की नाक मुरडायचीस, भांडायचीस. सक्रातीपास्नं एक सबुद न्हाई. मी मुद्दाम तुझ्या तोंडापुढं भाजली, तरी न्हाई. म्या म्हनलं, सून सुधारली का काय!"

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलली न्हाईस, म्हनून म्या बी न्हाई."

"आणि रविवारी? तुम्हाला तर वास आला असेल."

"देवापुढं ऊद लावल्याला, मला कुठनं येतूय. पंगतीत कळलं. तवर वाढून झाल्तं."

मग जवळ सरकून बसल्या. इतक्या जवळ त्या बारा वर्षांत बसल्या नाहीत. म्हणाल्या, "कुनाला सांगू नगंस. नाक काय कुनी तपासाया येत न्हाई. म्या येते की रोज तुझ्यासंगं त्या बंगल्यावर. स्टुलावर बसन. म्या वास घेईन, तू रांध."

मला त्यांच्या मांडीवर डोकं ठेवावंसं वाटलं. आणि त्याच वेळी हेही वाटलं की पहिल्यांदा काही माझं एकटीचं मिळत होतं, तिथेही आत्याबाईंचं स्टूल. दोन्ही खरं आहे.

५ मार्च

ह्यांना सांगितलं. काल रात्री जेवणं झाल्यावर, पान लावून देताना. एका दमात सगळं, डॉक्टर, दुकान, वाटी नाकाशी धरली ते.

ह्यांनी विचारलं, "श्रीरामपूरला कापड आणायला गेलीस म्हणालीस ते?"

"कापडही आणलं."

"मी तो द्रोण अख्खा प्यायलो, माहीत आहे?"

"माहीत आहे. का प्यायलात?"

"सगळे बघत होते."

रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, आता वर काही बोलू नकोस, पाडवा होऊ दे, नंतर बघू, वास येईलही तोवर. त्या दुकानदाराचं मी बघतो, हळूहळू परत सुरू करून देतो. मी म्हटलं, आणि लोक म्हणतात त्याचं? ते तंबाखू मळत राहिले.

सकाळी मात्र जाताना दारात थांबले. "इतके दिवस मला आमटी बिघडलेली कधी कळलीच नाही," म्हणाले. "शांताबाईंमुळे," मी म्हटलं. त्यांना ते लागलं. शेजारणीला माहीत, नवऱ्याला नाही.

७ मार्च

वा. ना. दोन महिने झाले.

अतिथिगृह बघून आले, नुसतं बाहेरून. पडदे मळकट हिरवे. तिथे साधं खादीचं पांढरं कापड हवं, खाली उसाच्या रंगाचा काठ. खोल्यांत माठ, त्यावर कुंडीतला गवती चहा. पाहुणा आला की आधी पाणी, मग गूळ-दाणे, मग प्रश्न. मनात सगळं लावून झालं माझं. कुठे काय ठेवायचं ते सगळं.

८ मार्च

चिठ्ठी लिहिली. सहा फाडल्या, सातवी ठेवली.

"मा. चेअरमनसाहेब, खोबरं खवट होतं ते दुकानदाराचा दोष नव्हे. त्यांनी मला तपासायला दिलं होतं. तापानंतर मला वास येत नाही, हे मी लपवलं. दुकानाचा माल बंद केला आहे तो सुरू करावा व कारण चारचौघांत सांगावं. हे कळल्यावरही मी हवी असेन तर पाडव्याला येईन."

ह्यांना दाखवली. दोनदा वाचली. "चारचौघांत" वर बोट ठेवलं. मग चिठ्ठी माझ्या हातात परत दिली. म्हणाले, "मी नेऊन देणार नाही. तुझी तू दे." नाही म्हणाले नाहीत. मी त्याला हो धरते.

आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. पण मी निघाले तेव्हा पदर नीट कर म्हणाल्या.

ऑफिसात कारकुनाकडे दिली.

९ मार्च

काही नाही. फाटक वाजलं की बाहेर येते.

१० मार्च, बुधवार

चेअरमनसाहेबांनी बोलावलं. ह्यांना नाही, मला. शांताबाईंना शाळेत परीक्षेचं काम होतं, एकटीच गेले.

मोठं टेबल, त्यावर माझी चिठ्ठी, वर पेपरवेट. चष्मा काढून म्हणाले, "दुकानदाराला सकाळीच बोलावला हुता. चार संचालकांच्या म्होरं त्याला सांगितलं, तुझा दोष न्हाई म्हनून. रडला गडी." मला वाटलं, आता मीही रडणार. नाही रडले.

मग म्हणाले, "आता तुमचं. वहिनी, मी शेतकरी मानूस. मला एकच सांगा. दिल्लीचा पाहुना येईल, पुन्याचा येईल. ताट झकास लावाल तुमी, त्यात आमाला शंका न्हाई. पन त्याला जेवान गोड लागलं का न्हाई, ते तुमाला कसं कळनार?"

मी रव्याचा आवाज सांगितला. रंग सांगितला. सासूबाई येतो म्हणाल्यात, शेजारणी आहेत, असंही सांगितलं. ते मान हलवत होते, पण त्यांना पाहिजे होतं ते यात नव्हतं, मलाही कळत होतं. दोन दिवसांत कळवतो म्हणाले. पोचवायला दारापर्यंत आले, एवढं मात्र खरं.

घरी येताना उसाच्या गाड्या अडकल्या होत्या रस्त्यात, अर्धा तास उभी. तेव्हा सुचलं. त्या रविवारी मी साठ पानांमधून तीनदा फिरले. झेंडू बघितले, रांगोळी बघितली, समया बघितल्या. एकाही माणसाच्या तोंडाकडे बघितलं नाही. पहिल्या घोटालाच कळलं असतं, कुणालाही कळलं असतं, नाक नसलं तरी. आणि आठवू लागले तर त्याआधीच्या बारा वर्षांतही मी पाहुण्याचा चेहरा जेवताना बघितलेला मला आठवेना. माझं नाक आधीच सांगायचं, छान झालंय, मग बघायचं कशाला?

हे साहेबांना सांगायचं होतं. त्यांनी हेच विचारलं होतं. मागे वळले तर गाड्यांनी रस्ता बंद, आणि पाचचा भोंगा झाला, ऑफिस सुटलं.

आता हे जेवायला बसतील. मेथीची भाजी केली आहे. शांताबाई आज आल्या नाहीत, आत्याबाईंना मी विचारलेलं नाही. वही मिटते आणि समोर जाऊन बसते.